परदेशी साहेब आहे तोवर शिकून घ्या

घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, राणी उंचेगाव या आपल्या गावांतून दर वर्षी बारावी, आयटीआय, डिप्लोमा झालेली मुलंमुली शेंद्रा, वाळूज, चाकण, रांजणगावची वाट धरतात. कापूस, ऊस आणि मोसंबीवर आता घरातल्या सगळ्यांचं भागत नाही, हे कुणाला समजावून सांगायला नको. यातले पुष्कळजण ज्या कंपनीच्या गेटमधून आत जातात, तिचे मालक जर्मनीत, कोरियात, जपानात किंवा झेक देशात बसलेले असतात. आत गेल्यावर कधी ना कधी तिकडून आलेल्या साहेबाशी गाठ पडते. येत्या काही वर्षांत ती आणखी पडेल. टोयोटाने ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारशी करार केला आणि बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत सुमारे २० हजार कोटींच्या कारखान्याची घोषणा झाली. शेंद्र्याच्या ऑरिकमध्ये कोरियाची ह्योसंग कंपनी स्पँडेक्सचा धागा काढते आहे. ही ठिकाणं आपल्या तालुक्यापासून दोन-अडीच तासांवर आहेत.

म्हणून हे आवाहन. तिथे काम करणाऱ्या आणि उद्या करणार असलेल्या मुलामुलींसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी, आणि अशा कारखान्यांत सुपरवायझर, इंजिनिअर झालेल्या आपल्या माणसांसाठी.

परदेशी साहेब साधारण तीन ते पाच वर्षांसाठी येतो. तेवढ्या काळात त्याच्याजवळचं काम इथल्या माणसांच्या हातात उतरलं, तर तो कारखाना पुढे चालतो, वाढतो, नवी कामं मिळवतो. उतरलं नाही, तर साहेब गेल्यावर सगळं अडतं. मग दुसरा साहेब येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. त्यानं शिकवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. शिकून घेणं आणि त्याला इथली खरी परिस्थिती सांगणं हे आपलं काम आहे. हे दुसरं काम आपण पुरेशा गांभीर्यानं करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपनी आपला माणूस सातासमुद्रापार का पाठवते, ते आधी पाहू. एडस्ट्रॉम आणि गॅलब्रेथ या दोन अभ्यासकांनी १९७७ साली याची तीन कारणं मांडली आणि ती आजही मानली जातात. पहिलं, तिथे त्या कामाचा माणूस मिळत नाही म्हणून. दुसरं, स्वतःच्या अधिकाऱ्याला परदेशाचा अनुभव मिळून तो मोठ्या पदासाठी तयार व्हावा म्हणून. तिसरं, मुख्यालय आणि शाखा यांच्यात ओळखीपाळखी, विश्वास, कामाची एकसारखी रीत तयार व्हावी म्हणून. आपल्याला पहिलं कारण लगेच दिसतं, तिसरं दिसत नाही. पण कारखान्याचं भलंबुरं पुष्कळदा तिसऱ्यावर ठरतं. नवी मशीन कुठल्या देशातल्या शाखेला द्यायची, नवं मॉडेल कुठे काढायचं, हे मुख्यालयात ठरतं. त्या बैठकीत बसलेल्यांना शेंद्रा माहीत नसतो. शेंद्र्याहून परत गेलेला त्यांचा माणूस माहीत असतो. तो काय सांगतो त्यावर भरवसा ठेवला जातो. तुमच्या लाइनवरचा परदेशी माणूस उद्या तिकडे तुमच्याबद्दल बोलणार आहे.

हा माणूस कंपनीला महाग पडतो. पगार, घर, मुलांची शाळा, जाण्यायेण्याचा खर्च हे सगळं धरलं की एकाच्या खर्चात इथले बरेच इंजिनिअर ठेवता येतात, आणि हा बोजा बहुधा इथल्याच उपकंपनीच्या हिशेबात पडतो. आपल्या सरकारचा नियमही असा आहे की, काही अपवाद सोडता वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार असेल तरच परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा मिळतो. आणि ज्या कामासाठी भारतात पुरेसे लायक लोक आहेत, त्या कामासाठी तो द्यायचा नाही. म्हणजे साहेबाचं इथे असणंच सांगतं, की त्याच्यापाशी असं काही आहे जे अजून आपल्यापाशी नाही. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. त्याच्यापाशी नेमकं काय आहे, ते शोधा.

बहुतेक वेळा ते पुस्तकात नसतं. यंत्राची माहितीपुस्तिका आपल्यालाही मिळते. पण नवी लाइन पहिल्या महिन्यात का अडखळते, कुठला आवाज आला की मशीन थांबवायची, कुठली सेटिंग कागदावर एक असते आणि प्रत्यक्षात किंचित वेगळी ठेवावी लागते, बिघाड झाला तर मुख्यालयात नेमका कुणाला फोन लावायचा, हे त्याच्या हातात आणि डोक्यात असतं. २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळणं अवघड झालं, तेव्हा ज्या भारतीय कारखान्यांनी चीनमधून यंत्रं आणली होती त्यांची अडचण झाली. यंत्र दारात, जोडून चालू करून देणारा नाही. शेवटी २०२४ मध्ये सरकारला अशा तंत्रज्ञांसाठी व्हिसाची वाट सोपी करावी लागली. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये आयफोन बनवणाऱ्या फॉक्सकॉनने दक्षिण भारतातल्या कारखान्यांतून तीनशेहून जास्त चिनी इंजिनिअर-तंत्रज्ञ माघारी बोलावल्याच्या बातम्या आल्या. उद्या तुमच्या कारखान्यातला परदेशी माणूस असाच अचानक परत गेला तर लाइन कोण चालवेल? या प्रश्नाला तुमच्या विभागात एखादं नाव उत्तर म्हणून यायला हवं. ते तुमचं असावं.

शिकून घेतल्याचं उदाहरण आपल्याच राज्याच्या माणसानं घालून दिलं आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिनं १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी ट्रक बनवण्याचा करार केला. जमशेदपूरला जर्मन तज्ज्ञ आले. करार पंधरा वर्षांचा होता, म्हणजे ते १९६९ साली जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुमंत मूळगावकर टेल्कोचे प्रमुख होते आणि त्यांनी त्या मुदतीचा अर्थ ओळखला होता. पुण्यात कारखाना काढायचं ठरलं, तेव्हा गाड्या निघायच्या पुष्कळ आधी त्यांनी शिकाऊ मुलांसाठी प्रशिक्षण विभाग आणि हत्यारं, डाय, फिक्स्चर बनवणारी टूलरूम उभी केली. करार संपला, ट्रकवरचा डाइमलरचा तारा निघाला, आणि ट्रक निघत राहिले. पिंपरी-चिंचवडच्या असंख्य लहान कारखान्यांत पुढे जे कसबी कामगार आणि उद्योजक दिसले, त्यांतले कितीतरी टेल्कोच्या त्या शिकाऊ वर्गातून बाहेर पडलेले. परदेशी माणसांचा उपयोग याहून चांगला कुणी करून घेतल्याचं मला तरी दुसरं उदाहरण सुचत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. झेक देशातली स्कोडा कंपनी १९९९ साली भारतात आली आणि २००१ च्या अखेरीला शेंद्र्यात ऑक्टाव्हिया गाडी जोडू लागली. शेंद्र्याच्या आसपास झेक आणि जर्मन लोक दिसू लागले ते तेव्हापासून. गाडीचे सुटे भाग संचांच्या रूपात बाहेरून यायचे आणि इथे जोडले जायचे. काम नेटकं व्हायचं, त्यावर कित्येक मराठवाडी घरं चालली. पण गाडी कशी असावी, किंमत किती असावी, हे तिकडे ठरायचं. भारतातल्या सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी बरीच वर्षं त्यातून निघाली नाही. मग २०१८ साली कंपनीने शंभर कोटी युरोंची नवी योजना जाहीर केली, २०१९ मध्ये पुण्यात तंत्रज्ञान केंद्र उघडलं, आणि भारतासाठीची गाडी भारतातल्या इंजिनिअरांना घेऊन घडवली. स्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहात आहे त्याच्या इथल्या कंपनीची सूत्रंही त्याच सुमाराला भारतीय माणसाकडे आली. आधी गुरप्रताप बोपाराय, २०२२ पासून पियूष अरोरा. त्यातून निघालेल्या कुशाक आणि स्लाव्हिया या गाड्यांचे ९५ टक्क्यांपर्यंत भाग देशातच बनू लागले. २०२२ साली स्कोडाने भारतात ५३,७२१ गाड्या विकल्या; आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. हे सगळं एकट्या भारतीय इंजिनिअरांचं यश आहे असं मी म्हणणार नाही. गाडीचा मूळ सांगाडा फोक्सवॅगन समूहाचा, पैसा त्यांचा, परदेशी अधिकारीही सोबत होतेच. पण इथला रस्ता, इथलं ऊन, इथल्या गिऱ्हाइकाचा खिसा माहीत असलेल्या माणसांना निर्णयात जागा मिळाली आणि फरक पडला. मर्सिडीज-बेंझ १९९४ पासून पुण्यात आहे. तिच्या भारतीय कंपनीचा पहिला भारतीय प्रमुख, संतोष अय्यर, २०२३ च्या जानेवारीत झाला. इतका वेळ लागतो. पण दार उघडतं.

शेतकरी घरांना हे बियाण्यातून जास्त लवकर कळेल. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांच्या महिको कंपनीत अमेरिकेच्या मोन्सँटोने १९९८ साली २६ टक्के भाग घेतला, आणि २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारं जनुक मोन्सँटोचं होतं. पण ते ज्या संकरित वाणांत घातलं, ते इथले होते आणि ते काम महिकोच्या माणसांनी केलं. नुसतं जनुक घेऊन कुणी आपल्या काळ्या रानात उतरलं असतं, तर कापूस उगवला नसता. बीटीच्या बऱ्यावाईटाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असू द्या. मला दाखवायचं ते हे, की बाहेरचं तंत्र आणि इथली जाण एकत्र आली तेव्हाच काम झालं.

आता जिथे बिघडतं तिकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

परदेशी साहेबाच्या चुका असतात. त्याला वाटतं, आपल्या देशात चालतं ते इथे जसंच्या तसं चालेल. जेवणाची सुट्टी, सणाची रजा, शिफ्टची बस चुकणं, बाईमाणसाला रात्री घरी पोचण्याची काळजी, वडीलधाऱ्या कामगाराला चारचौघांत बोललेलं किती लागतं, यातलं काही त्याला माहीत नसतं. कर्नाटकात बिडदीला टोयोटाचा कारखाना शिस्तीसाठी आणि कामाच्या रीतीसाठी नावाजलेला. तिथेही २००६ साली संप, २०१४ आणि २०२० साली टाळेबंदी इथपर्यंत गोष्टी गेल्या. कामाचा वेग, पगार, कामगारांचं निलंबन हे वादाचे मुद्दे होते. उत्तम यंत्र आणि उत्तम पद्धत असूनही माणसांशी बोलणं तुटलं की कारखाना बंद पडतो. बिडकीनला येणाऱ्यांनी आणि आपणही हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

पण साहेबाला हे कळणार कुणाकडून? आपल्याकडूनच. आणि इथे आपली जुनी सवय आड येते. साहेबानं विचारलं, "समजलं का?" आपण मान डोलावतो. समजलेलं नसतं. माल खराब निघतोय हे तीन जणांना माहीत असतं, पण साहेबाला कोण सांगणार म्हणून शिफ्ट संपेपर्यंत रिजेक्शनचा ढीग वाढतो. त्यानं दिलेली तारीख पाळता येणार नाही हे पहिल्या दिवशी दिसत असतं, तरी "हो साहेब, होईल" म्हणतो. घरात मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही, हे आपले संस्कार. ते घरात चांगले आहेत. पण कारखान्यात चूक झाकली तर पुढच्या माणसाचा हात मशीनमध्ये जाऊ शकतो. जपानी, जर्मन, कोरियन कुठलाही साहेब असो. वेळेवर सांगितलेली वाईट बातमी त्याला हवी असते. ज्याच्या शब्दावर त्याचा भरवसा बसतो, त्यालाच तो पुढचं काम शिकवतो.

म्हणून पहिली गोष्ट ही करा: समजलं नाही तर "समजलं नाही, पुन्हा दाखवा" असं म्हणा. मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, कसंही. त्यानं दाखवलं की त्याच्यासमोर स्वतः करून दाखवा.

दुसरी गोष्ट, वही ठेवा. आपल्या तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लिहिण्याच्या क्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे. अक्षर कसं असावं, शाई-लेखणी कशी असावी इथपर्यंत. त्या मातीतल्या मुलांनी कामाची वही ठेवू नये हे बरं दिसत नाही. आज मशीन का थांबली, साहेबानं काय बदललं, मग काय झालं, एवढं तारखेसह मराठीत लिहा. कंपनीची गुपितं, ड्रॉइंग, ग्राहकांची माहिती बाहेर नेऊ नका. तो विश्वासघात आहे, आणि गुन्हाही ठरू शकतो. आपण काय शिकलो ते लिहायचं. वर्षभरात ती वही तुम्हाला आणि तुमच्या हाताखाली येणाऱ्या मुलाला कुठल्याही प्रमाणपत्राहून जास्त कामाला येईल.

भाषेची भीती बाळगू नका. कोरियन किंवा जपानी भाषा पूर्ण यायलाच हवी असं नाही. कामावरचे नेहमीचे शंभर-दीडशे शब्द आणि नमस्कार-आभार एवढं आलं तरी दुभाष्याची एक पायरी कमी होते, आणि मधल्या माणसामुळे होणारे गैरसमजही टळतात. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी रीतसर शिका. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, जपानी शिकवतात. मॅक्समुलर भवनात जर्मन शिकता येतं. त्याहून आधी ड्रॉइंग वाचायला शिका. ती सगळ्या देशांतल्या कारखान्यांत जवळपास सारखीच वाचली जाते.

आता ज्यांच्या हाती थोडा अधिकार आहे, त्या आपल्या सुपरवायझर, मॅनेजर, एचआरमधल्या माणसांना काही सांगायचं आहे. आपली बहुतेक मुलं ठेकेदारामार्फत लागतात. काही महिने काम, मग ब्रेक, मग दुसरं गेट. परदेशी माणसानं सहा महिने घासून शिकवलेला मुलगा सातव्या महिन्यात बाहेर असतो, त्याच्या जागी नवा येतो, आणि शिकवणं पुन्हा पहिल्या धड्यावर येतं. यात त्या मुलाचं नुकसान आहे, तसंच कंपनीचंही आहे. परदेशी तज्ज्ञावर एवढा खर्च करायचा आणि त्याचं शिकवणं गेटबाहेर जाऊ द्यायचं, यात कसला हिशेब? ज्या कामात कसब लागतं, तिथली माणसं तरी कायम ठेवा, निदान सलग ठेवा. हे तुम्ही मुख्यालयाच्या माणसाला आकड्यांत दाखवू शकता: माणूस बदलल्यावर रिजेक्शन किती वाढलं, किती तास मशीन उभी राहिली. तो आकडे ऐकतो. आणि साहेब परत जायच्या किमान सहा महिने आधी त्याच्या जागेचा इथला माणूस ठरवून त्याच्यासोबत उभा करा. निरोपाच्या आठवड्यात दिलेली फाइल म्हणजे सोपवणं नव्हे.

आईवडिलांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी शिकाऊ म्हणून लागली असेल, तर पहिली दोन वर्षं तिला टिकू द्या. गावाकडच्या प्रत्येक कार्यक्रमाला, प्रत्येक सोयरिकीच्या बोलणीला बोलावून घेऊ नका. पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून दर चार महिन्यांनी गेट बदलायला सांगू नका. आणि मुलींना पाठवा. जोडणीच्या, तपासणीच्या कामांत त्या उत्तम ठरतात. बस आणि राहण्याची सोय कशी आहे हे मात्र स्वतः जाऊन बघा, त्यात भिडस्तपणा करू नका.

हा प्रवास एकाच दिशेनं होतो असं समजू नका. वाळूजमधून मोठी झालेली एंड्युरन्स कंपनी आज इटली आणि जर्मनीत कारखाने चालवते. तिथे बाहेरचे मालक आपण असतो. टाटा मोटर्सने २००४ साली कोरियात देवूचा ट्रक कारखाना घेतला, तेव्हा तिथलं व्यवस्थापन कोरियन माणसांच्याच हाती ठेवलं आणि भारतातून मोजकीच माणसं पाठवली. परक्या देशात गेलेल्या माणसानं ऐकून घ्यावं, शिकवावं आणि जागा मोकळी करावी, हे आपण तिथे करून दाखवलं आहे. म्हणून इथे येणाऱ्यांकडूनही तशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे.

शेवटी एक सामूहिक मागणी. टोयोटाने बिडदीला २००७ साली दहावी झालेल्या ग्रामीण मुलांसाठी तीन वर्षांची निवासी प्रशिक्षण संस्था काढली. बिडकीनचा कारखाना उभा राहताना तशीच संस्था इथेही निघावी आणि तिच्यात जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतल्या मुलामुलींना जागा असाव्यात, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे आणि उद्योग विभागाकडे ग्रामसभेच्या ठरावानं आत्ताच गेली पाहिजे. कारखान्याचा गिलावा झाल्यावर नव्हे. आणि तोवर वाट बघत बसायचं कारण नाही. तालुक्यातल्या आयटीआयनं आणि हायस्कुलांनी येत्या दिवाळीत, सुट्टीवर गावी आलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना एका दुपारी बोलवावं. कारखान्यात काय शिकलात, परदेशी साहेबाशी कसं बोलता, काय अडलं, हे त्यांनी वही समोर ठेवून धाकट्यांना सांगावं. याला खर्च नाही, परवानगी लागत नाही. मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी एवढं मनावर घ्यावं.